दुपारची सावड

१

श्रीरंगला त्या वसाहतीचा सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे शेवटचा. कुठलं काम कोणी केलं, हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

आवडण्याचं कारण सरळ होतं. त्याला कुठलंच काम धड करता येत नव्हतं.

गोष्ट एकोणऐंशी सालची. कळंबच्या वर, जिथे रस्ता संपतो आणि डोंगर चढायला लागतो, तिथल्या साडेचार एकर उतारावर पाच जण राहायला आलेले. वाल्मिक हा त्यातला म्होरक्या. जमीन त्याच्या मामाची, डोकं त्याचं स्वतःचं. शेतकी कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. उल्का माटुंग्याची, घरं बांधायचं शिक्षण घेतलेली. दत्ताराम आणि मोहिनी हे नवराबायको, दोघंही शाळेतली नोकरी सोडून आलेले. आणि पाचवा आपला श्रीरंग, विमा कंपनीतला माजी कारकून. वीज घ्यायची नाही, पोत्यातलं खत टाकायचं नाही, नांगर घालायचा नाही. डोंगराचं पाणी उतारावरच अडवायचं आणि त्यावर भात, कंद, फणस, कोंबड्या, सगळं एकमेकांच्या आधाराने वाढवायचं. जंगल जसं कोणी न सांगता वाढतं तसं. गावातले त्यांना बिनबत्तीवाले म्हणत. प्रेमाने म्हणतात, असं दत्तारामचं मत होतं.

त्या शेवटच्या नियमावर वाल्मिकचं भाषण ठरलेलं. "कामाला नाव चिकटलं की मालक तयार होतो. आपण मालक व्हायला नाही आलो."

श्रीरंग ते ऐकून दर वेळी मान डोलवायचा. त्याने लावलेली केळ आडवी झालेली असायची, त्याने विणलेल्या कुडातून कोंबडी आरपार जायची, पण कोणी काही बोलत नसे. नियमच तसा.

फक्त एक गोष्ट होती. मृग लागायच्या आधी बैठक बसणार होती. पावसाळ्यात चार महिने बाहेर जायची वाट नसे, आणि साठवलेलं धान्य पाचांना ओढूनताणून पुरणारं. ज्याच्यामुळे जमीन पुढे जात नाही त्याने पावसाआधी घरी जावं, हे पहिल्याच महिन्यात ठरलेलं.

"पण काम कोणी केलं हे विचारायचंच नाही, तर ते कळणार कसं?" श्रीरंगने एकदा विचारलं होतं.

"कळतं रे," उल्का म्हणाली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं नाही. पण न पाहण्यातही पाहणं असतं.

घरी जावं म्हणजे कुठे जावं, हा श्रीरंगचा प्रश्न होता. वडिलांनी निघताना दारात सांगितलेलं, "आता येशील तो पाहुणा म्हणून ये." आणि वडील शब्दाचे पक्के. शिवाय खरं सांगायचं तर त्याला ती जागा आवडायला लागली होती. पहाटे उतारावरून खाली पाहिलं की भाताची खाचरं गोधडीच्या ठिगळांसारखी दिसत. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की आपण एखाद्या जागेचे असू शकतो.

२

एप्रिलमध्ये बांधाचं काम काढलं. उताराला आडवा, एका उंचीवरून जाणारा दगडी बांध. त्याच्यामागे पाणी थांबणार, माती साठणार, आणि मगच बाकी सगळं. बांध पावसाआधी झाला नाही तर वर्ष फुकट.

उल्काने तीन बांबूंची कैची केलेली, मध्ये ओळंबा टांगलेला. ती कैची पाऊल टाकत टाकत पुढे न्यायची, ओळंबा मधल्या खुणेवर आला की तिथे खुंटी. खुंट्यांच्या रेघेवर दगड रचायचे. उजाडल्यापासून साडेअकरापर्यंत काम, मग जेवण, मग तीनपर्यंत झोप. त्या उन्हात दुसरं काही शक्यच नव्हतं. दगडाला हात लावला तर चटका बसे.

एके दिवशी जेवणाआधीचा शेवटचा दगड श्रीरंगने ठेवला. ठेवला म्हणजे काय, टेकवला. तो डुगडुगत होता. श्रीरंगने त्याच्याखाली एक चिप्पी सारली, तो दुसऱ्या बाजूला डुगडुगायला लागला. जेवणाची हाक आली तसा त्याने तो तिथेच सोडला, पळसाच्या खुंटाजवळ.

तीन वाजता परत आले तेव्हा बांध पळसाच्या खुंटाच्या दोन हात पुढे गेलेला होता.

श्रीरंगचा दगड जागचा हलत नव्हता. त्याने पाय देऊन पाहिला. जमिनीतून उगवल्यासारखा बसलेला.

वाल्मिकने नव्या रचाईवरून हात फिरवला आणि खुशीत नाकातून आवाज काढला. दत्ताराम मोहिनीकडे बघून हसला. श्रीरंगला वाटलं, वाल्मिक मधेच उठून आला असणार. वाल्मिकला काय वाटलं ते रात्री जेवताना कळलं. मोहिनीने शेवटची भाकरी श्रीरंगच्या ताटात टाकली, आणि वाल्मिकने लोणच्याची बरणी न मागता त्याच्याकडे सरकवली.

श्रीरंग म्हणणार होता, अरे तो मी नव्हे. पण नियम होता ना. सांगायचं नाही, म्हणजे 'मी नाही' हेही सांगायचं नाही. त्याने भाकरी खाल्ली. फार गोड लागली.

३

मग ते रोजच व्हायला लागलं. कधी दोन हात, कधी पाच. नेहमी दुपारीच.

दुपारी झोपडीत काय असायचं, तर पाच चटया. दारापासून पहिली दत्तारामची, मग मोहिनी, उल्का, वाल्मिक, आणि मागच्या कुडाला टेकून श्रीरंग. कुडाला शेणामातीचा लेप, लेपाला भेगा, भेगांतून उन्हाच्या सुया आत आलेल्या. बाहेर पक्षीसुद्धा गप्प.

आणि ठक.

दगड टाकला की एक आवाज होतो, आपटला की दुसरा. हा ठेवल्याचा आवाज होता. नेमक्या जागी, नेमक्या बाजूने, घाई न करता ठेवलेल्या दगडाचा. ठक. मग जरा वेळ. ठक.

पहिल्या दिवशी श्रीरंगने पडल्या पडल्या कान दिला आणि मनाशी म्हणाला, घ्या, वाल्मिकराव लागले कामाला. मग त्याने कूस बदलली. वाल्मिक शेजारीच होता. तोंड उघडं, घोरणं बारीक. त्याच्या पलीकडे उल्काचा हात चटईबाहेर आलेला. मोहिनी. दत्ताराम.

ठक.

श्रीरंग विचार करणारा माणूस होता, निदान स्वतःला तसा समजायचा. तापलेले दगड तडकतात, त्याने स्वतःला सांगितलं. सुतारपक्षी असेल. गावातलं कोणी दगड न्यायला आलं असेल. यातल्या कुठल्याच गोष्टीने बांध पुढे जात नाही, हेही त्याला कळत होतं. उठून दार ओलांडून बघायला काय लागतं? शंभर पावलं.

तो उठला नाही. याला भीती म्हणता येईल, पण ती अर्धीच. उरलेली अर्धी गोष्ट अशी की बघितलं असतं तर माहीत झालं असतं, आणि माहीत झाल्यावर गप्प बसणं म्हणजे खोटं. न बघता गप्प बसणं हा नुसता नियम.

४

भिवाजी खालच्या खाचरांचा मालक. साठीचा, काटक, तोंडात कायम काडी. वाट वाकडी करून बिनबत्तीवाल्यांची मजा बघायला यायचा. मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी आला तेव्हा श्रीरंग एकटाच बांधाच्या टोकाला होता.

"काय रं शेट, कोंबडी सापडली का?"

"कुठली?"

"तुझ्या कुडातनं गेली ती. माझ्या घरी हाय. अंडी घालती रोज. म्हटलं ऱ्हाऊं दे, पाहुनी हाय."

श्रीरंग हसला. भिवाजीने बांधावर हात ठेवला, मग काढला, मग वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मानसं कुठली लावली?"

"माणसं नाहीत. आमचं आम्हीच."

"दुपारच्याला कामं करतं ते कोन मग? बाराच्या उन्हात. मी खालनं बघतो ना. मरतील ती."

इथे श्रीरंगला पाहिजे तर सुटता आलं असतं. भिवाजी काही वसाहतीतला नव्हता, त्याला नियम लागू नव्हता. पण एवढे दिवस जे फक्त ताटातल्या भाकरीने आणि लोणच्याच्या बरणीने त्याला दिलेलं, ते एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून बघायचा मोह झाला.

"मीच असतो," तो म्हणाला.

"तू?"

"हो. दुपारी झोप येत नाही मला. माझंच काम आहे हे."

भिवाजीने तोंडातली काडी काढली. "एकल्याचं वाकनं नाय दिसत ते."

"किती जण दिसतात मग?"

"कामावरची मानसं मोजू नाय." तो बांधाच्या वरच्या अंगाला गेला आणि तिकडून बोलला. "आनि ह्याचं तोंड उलटं हाय."

"म्हणजे?"

"दगडाला एक चांगली बाजू असती. ती बाहेर ठेवायची, जिकडनं बांध बघायचा तिकडं. तुमची रचाई बघ, तिचं तोंड खाली गावाकडं. ही नवी बघ. तोंड डोंगराकडं. मागचं ओबडधोबड तुमच्याकडं." त्याने ओठ पुसले. "जो लावतो तो सोताच्या बाजूनं लावतो. सोताच्या घराची भिंत कोन आतनं उलटी लावंल?"

श्रीरंगने एका दगडावरची माती झटकली. तो म्हणाला, "मला तशीच बरी वाटली."

"बरी हाय की. झ्याक हाय. अशी रचाई आता इकडं कुनाला येत नाय." भिवाजी निघाला, चार पावलांवर थांबला. "तुमच्यात सावड असती का रं, मुंबईला?"

"सावड?"

"आज माझ्या लावनीला तुमी या, उद्या तुमच्या लावनीला मी. पैका नाय, कागुद नाय. दिवसाला दिवस, मानसाला मानूस. कुनी येऊन आपलं काम करून गेला, आपन नको म्हनलं नाय, की झाली सावड. मग ती फेडायची."

"आणि नाही फेडली तर?"

भिवाजीला प्रश्नच समजला नसावा. "फेडतात ना," तो म्हणाला. "बोलवायला येतात की."

५

त्या रात्री श्रीरंगने ठरवलं, वाल्मिकला सांगून टाकायचं. सकाळी दोघं ओढ्यावर दगड काढत होते तेव्हा त्याने सुरुवात केली.

"वाल्या, त्या बांधाचं ना, एक सांगायचंय."

वाल्मिकने चिखलाचं बोट ओठावर ठेवलं. डोळ्यांत इतकं कौतुक की श्रीरंगला पुढे बोलवेना. "नको. मला माहितीये. सांगितलंस तर तुझंच कमी होईल."

मग तो उल्काकडे गेला. उल्का कैची घेऊन नव्या रचाईवर फिरत होती, आणि ओळंबा खुणेवर येत नव्हता. बांधाने खुंट्यांची रेघ केव्हाच सोडली होती. तो वर चढत होता, वळत होता, आणि पलीकडच्या टोकालाही आता तसाच वळायला लागला होता. दोन्ही टोकं डोंगराकडे निघालेली. झोपडीकडे त्याची पाठ.

"हे चुकलंय, उल्का," श्रीरंग म्हणाला. "हे काढायला हवं."

"काढायला?" उल्काने कैची टेकवली. "तू वेडा आहेस का? पंधरा दिवस मी विचार करतेय की दोन्ही टोकांना पाणी निसटणार, काय करायचं. टोकं वर वळवली की सुटला प्रश्न. आणि तोंड वरच्या अंगाला. मला सुचलं नसतं." ती जरा थांबली. "मी तुझ्याबद्दल चुकीचं समजत होते. बैठकीत मी वेगळंच बोलणार होते, हे तुला आता सांगायला हरकत नाही."

म्हणजे बघा. प्रत्येक गोष्टीला या शहाण्या माणसांकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारण श्रीरंगच्या बाजूचं होतं. त्यालासुद्धा क्षणभर पटलं. डोंगराचं पाणी, माती, उतार, सगळं जुळत होतं. फक्त भिंत बघताना आपण तिच्या मागच्या बाजूला उभे आहोत असं वाटायचं, एवढंच. नाटकाच्या पडद्यामागे उभं राहिल्यावर वाटतं तसं.

तो पुन्हा दगड वाहायला लागला.

६

बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली, संध्याकाळी, झोपडीपुढच्या अंगणात. बांध आदल्या दिवशी पूर्ण झालेला. पूर्ण झालाय हे सांगायला कोणी लागलं नाही. शेवटचा दगड असा बसलेला की त्याच्यापुढे दुसरा ठेवायची कोणाची छाती झाली नसती.

एकेकाने बोलायचं होतं. दत्ताराम म्हणाला, पाचही जण राहूया, भात कमी पडला तर कंद आहेत. मोहिनीने मान हलवली. वाल्मिक नेहमीपेक्षा कमी बोलला, म्हणजे पाव तास.

मग उल्का उठली. "मी आज नियम मोडतेय," ती म्हणाली. "शिक्षा द्या काय ती. हा बांध श्रीरंगने बांधलाय. रोज, आपण झोपलेलो असताना. हे एकदा तरी मोठ्याने म्हटलं पाहिजे."

चौघंही त्याच्याकडे बघत होते. अशा नजरेने त्याच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं, ना ऑफिसात, ना घरी. श्रीरंगला जाणवलं की ही शेवटची वेळ आहे. आत्ता खरं सांगितलं नाही तर कधीच नाही. दोन शब्दांचं काम होतं. त्यानंतर उद्याची एसटी, नेरळ, आणि वडिलांच्या घरात पाहुण्याची खुर्ची.

"असू दे गं," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर डोंगराकडे काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण त्या वेळी वारा सुटलेलाच होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीरंग चटईवर पडला आणि झोपेची वाट पाहू लागला. आता भीती कसली? बांध झाला. राहायचं नक्की झालं. ढग आले होते, ऊन मळकट झालेलं. कुडापलीकडे शांत.

ती शांतता अर्धा तास टिकली.

मग आवाज आला, पण बांधाकडून नाही. त्याच्याही वरून, झाडीतून. ठक, ठक, ठक. त्यानंतर एका दगडापुरती जागा रिकामी. पुन्हा ठक, ठक, ठक, आणि रिकामी जागा. हातोहात दगड देणाऱ्या रांगेत एक माणूस कमी असला की जसं व्हावं तसं. दगड त्या जागेपर्यंत यायचा आणि थांबायचा.

श्रीरंगने डोळे मिटले. जायचं नाही, त्याने ठरवलं. बोलावलंय कोणी? कोणी नाव घेतलं का आपलं? नाही. मग प्रश्नच नाही. ठक, ठक, ठक. त्याच्या लक्षात आलं की रिकाम्या जागेला आपण श्वास रोखतोय. आणि हळूहळू त्या जागेचं ओझं त्याच्या अंगावर यायला लागलं. बसमध्ये म्हातारं माणूस शेजारी उभं असलं आणि आपण खिडकीबाहेर बघत बसलो की येतं ना, तसं. भीतीपेक्षा शरम जास्त.

एकदा सांगून येऊ, तो मनाशी म्हणाला. समोरासमोर सांगू की बाबांनो, चुकून झालं, माफ करा. तसं सांगितलं की संपेल.

चौघांना ओलांडून तो बाहेर पडला. बांधापाशी आला. त्यांच्या बाजूने बांध कमरेएवढा होता. त्याने हात टेकले, पाय वर घेतला आणि पलीकडे उतरला.

पाय जरा उशिराने टेकले.

ती वरची बाजू होती. जमीन तिथे उंच असायला हवी होती. श्रीरंगने वळून बघितलं. बांध त्याच्या डोक्याच्याही वर हातभर गेलेला. एकेक दगडाची चांगली बाजू इकडे, सांध्यात नख शिरणार नाही अशी. इतकी सुंदर भिंत त्याने उभ्या आयुष्यात बघितली नव्हती, आणि कोणाच्या तरी अंगणात न विचारता उभं असल्यासारखं त्याला वाटलं.

झाडीत ते होते. वाकलेले. पाठी दिसत होत्या, चेहरे नाही. त्याच्या येण्याने कोणी मान वर केली नाही. कामावर उशिरा येणाऱ्याकडे कोण बघतं? दोन पाठींच्या मध्ये एक जागा मोकळी होती आणि तिथली माती तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली.

"हे बघा," श्रीरंग म्हणाला, "मी फक्त सांगायला आलोय."

डावीकडून एक दगड पुढे आला. धरणारे हात मातीने इतके भरलेले की हात कुठे संपतात आणि दगड कुठे सुरू होतो ते कळेना. दगड हवेत थांबला. उजवीकडे दुसरे हात रिकामे थांबले. माणूस अवघडून उभा असताना त्याच्या हातातलं ओझं आपण न घेणं, हे श्रीरंगला जमलं नाही. बोलणं नंतरही होईल. त्याने दगड घेतला. तो विहिरीच्या तळाशी असल्यासारखा गार होता. त्याने तो उजवीकडे दिला.

ठक.

दुसरा आला. मग तिसरा. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण एक गोष्ट त्याला कळत होती आणि कळून नवल वाटत होतं. दगड हातात आला की त्याची चांगली बाजू कुठली ते त्याच्या हाताला आपोआप समजत होतं.

भिंतीपलीकडून, लांबून, उल्काचा आवाज आला. "श्रीरंग, चहा."

त्याला हायसं वाटलं. हे ठीक झालं. आता जायला कारण मिळालं. त्याने ओ द्यायला तोंड उघडलं.

"आलो," तिकडे कोणीतरी म्हणालं.

आवाज त्याचाच होता. फक्त काम येणाऱ्या माणसाचा.

उल्का काहीतरी म्हणाली, आणि ती आणि तो दोघंही हसले. मग कपांचा आवाज, मग वाल्मिकचं बोलणं, मग नुसती कुजबुज. श्रीरंग भिंतीकडे बघत राहिला. उजवीकडचे हात रिकामे, ताटकळलेले.

त्याने दगड पुढे दिला.